बोअरचं पाणी

मी या क्षेत्रात आले ती गढूळ पाण्याच्या वाटेनं. वडील विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर होते आणि आमचं क्वार्टर केंद्राच्या कुंपणाला लागूनच होतं. आषाढ लागला की नदीचं पाणी तांबडं होऊन यायचं आणि बाबांची झोप उडायची. तुरटी किती सोडायची हे ठरवायला त्यांच्याकडे जार टेस्टचं यंत्र होतं. ओळीनं काचेची भांडी, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं, आणि आत संथ फिरणारी पाती. सुरुवातीला काहीच होत नसे. मग पाण्यात बारीक कण दिसायला लागत, ते एकमेकांना धरत, जड होत आणि खाली बसत. कुठल्या भांड्यातलं पाणी आधी नितळतं ते बाबा गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून पाहत राहत. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांजवळ येत नाहीत आणि पाणी गढूळच राहतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. पण कण कसे धरतात ते मी त्याआधी डोळ्यांनी पाहिलं होतं. सिव्हिल इंजिनिअरिंगला गेल्यावर पर्यावरण हा विषय निवडला तो त्या भांड्यांमुळेच.

अभ्यासक्रमात मोठ्या शहरांची केंद्रं शिकवत. माझ्या मनात मात्र घर करून राहिली ती लहान केंद्रं. जे. एन. कर्डिले या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात लहान गावांना परवडतील अशी केंद्रं महाराष्ट्रात उभी केली. रामटेक, वरणगाव आणि चांदोरी ही त्यांतली माहितीची नावं. तुरटी घातलेलं पाणी ढवळायला तिथे यंत्र नव्हतं. पाणी खडीच्या थरातून जायचं आणि फटीफटींतून वळणं घेतानाच कण धरायचे. गाळणीत वाळूच्या वर अँथ्रासाइट कोळशाचा थर देण्याची पद्धत होती. कर्डिल्यांनी कोळशाऐवजी नारळाच्या करवंट्यांचे तुकडे घातले. करवंटी वाळूपेक्षा हलकी असते, त्यामुळे गाळणी उलट्या प्रवाहानं धुतली तरी ती वरच्या वर राहते. गावात कोण काम करणार, काय दुरुस्त होईल, काय सहज मिळेल, याचा विचार त्या रचनेत पहिल्यापासून होता. हा धडा मला पुढे कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त कामी आला.

पीएच.डी.साठी मी फ्लोराइड हा विषय घेतला, आणि तिथे गढूळ पाणी मागे पडलं. फ्लोराइडचं पाणी दिसायला नितळ असतं. त्याला वास नाही, रंग नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की लहान मुलांच्या दातांवर आधी पांढरट, मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात. प्रमाण आणखी वाढलं आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात जात राहिलं की हाडं आणि सांधे धरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना हा त्रास आहे. माझं काम यवतमाळच्या दक्षिणेला, केळापूर आणि झरी जामणी या तालुक्यांत झालं. तिथल्या कोलाम वस्त्यांना पोड म्हणतात. पोड बहुधा मुख्य गावापासून बाजूला असतं आणि पाण्याची सगळी भिस्त एखाद-दोन हातपंपांवर असते.

आमच्याबरोबर आरोग्य विभागाच्या डॉक्टर असत. त्या पारावर बसलेल्या माणसांना तीन साध्या गोष्टी करायला सांगायच्या: वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावा, हनुवटी छातीला टेकवा, दोन्ही हात डोक्यामागे न्या. जेमतेम पन्नाशीचे एक गृहस्थ उठले. त्यांची हनुवटी छातीपासून वीतभर अंतरावरच थांबली, आणि हात कानांपर्यंत येऊन अडकले. शेतीचं काम आहे, अंग धरणारच, असं ते समजावणीच्या सुरात आम्हालाच सांगत होते. त्यांच्या मागे शाळेतली मुलं उभी होती, आणि हसताना एकेकाचे दात दिसत होते. त्या क्षणी मी संशोधन म्हणून काही सुचवण्याच्या स्थितीत नव्हते. कायमच्या दातांवरचं आवरण साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत हिरड्यांच्या आत तयार होत असतं, आणि तेव्हा झालेली हानी पुढे भरून येत नाही. म्हणजे आम्ही उद्या पाणी शुद्ध करून दिलं तरी त्या मुलांच्या दातांना त्याचा उपयोग नव्हता. फायदा होणार होता तो त्यांच्या कडेवरच्या भावंडांना. तेव्हापासून कुठल्याही गावात गेले की मी आधी विचारते, पाच वर्षांखालची मुलं किती घरांत आहेत आणि ती घरं पाणी कुठून भरतात.

ज्या हातपंपानं हे पाणी वर आणलं त्याला मी दोष देणार नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं गावोगाव फिरली आणि माणसं जगली. आज देशभर दिसणारा इंडिया मार्क टू हा हातपंप सोलापुरात घडलेल्या पंपावरूनच विकसित झाला. बोअरचं झाकलेलं पाणी आलं म्हणून बारवांत आणि पायऱ्यांच्या विहिरींत उतरणं कमी झालं, आणि नारूसारखा रोग मागे हटला. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला, त्यात या पंपांचा वाटा मोठा आहे. पण जंतूंपासून वाचवणारं हे पाणी खडकात खोल मुरलेलं असतं. फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशा खनिजांशी त्याचा वर्षानुवर्षं संबंध येतो आणि फ्लोराइड त्यात उतरतं. म्हणूनच एकाच वस्तीत उथळ विहीर चांगली आणि शेजारचं बोअर वाईट, असं पुष्कळदा दिसतं.

याच ठिकाणी मला स्वयंपाकघरानं रसायनशास्त्र शिकवलं. एका पोडावर आम्ही फ्लोराइडच्या भीतीनं जुनी विहीर सुचवली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, त्या हिरीच्या पान्यात डाळच शिजत नाही. बोअरच्या पान्यात कशी लौकर शिजते." मी दोन्ही पाण्यांचे नमुने नेले, आणि त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. विहिरीचं पाणी जड होतं, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर, आणि अशा पाण्यात तुरीची डाळ कडकच राहते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम नावालाच होतं आणि सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायच्या सोड्यातलंच द्रव्य, पुष्कळ होतं. डाळ लवकर शिजायचं कारण हे. आणि फ्लोराइड जास्त असायचं कारणही हेच: पाण्यात कॅल्शियम असलं तर फ्लोराइड त्याच्याशी जोडलं जाऊन खाली बसतं, कॅल्शियम नसलं तर ते विरघळलेलंच राहतं. जे पाणी स्वयंपाकाला सगळ्यात चांगलं तेच प्यायला सगळ्यात वाईट, असं या भागात होतं. सरपण गोळा करून आणणाऱ्या बाईला डाळ अर्धा तास आधी शिजणं म्हणजे काय असतं, हे लक्षात घेतल्याशिवाय तिला "ते पाणी वापरू नका" असं सांगण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेत माझं काम ॲक्टिव्हेटेड अल्युमिनावर होतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे हे सच्छिद्र दाणे काचेच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, भरायचे, वरून पाणी सोडायचं आणि खाली फ्लोराइड कधी दिसायला लागतं ते मोजायचं. दाण्यांच्या पृष्ठभागावर धन भार असला की ऋण भाराचं फ्लोराइड त्याला चिकटतं. पाणी किंचित आम्लधर्मी असताना ते उत्तम चिकटतं. पाणी अल्कधर्मी झालं की भार कमी होतो आणि बायकार्बोनेट जागेसाठी भांडायला लागतं. आमच्या गटाचा नियम होता की ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून केलेला प्रयोग ही फक्त सुरुवात. पुढचा प्रत्येक कॉलम गावाहून कॅनमध्ये आणलेल्या पाण्यावर चालवायचा. एका किलो दाण्यांतून किती लिटर पाणी निघेल हा आकडा या दोन पाण्यांत इतका वेगळा येतो, की पहिल्याच्या भरवशावर गावात यंत्र बसवणं म्हणजे गावाची फसवणूक. माझं स्पष्ट मत आहे की नव्या शोषक पदार्थांवरच्या शोधनिबंधांत खऱ्या गावच्या पाण्यावरचा आकडा पहिल्यांदा छापला पाहिजे. राखेपासून, टरफलांपासून, मातीपासून फ्लोराइड काढणारे पदार्थ तयार केल्याचे निबंध ढिगानं निघतात. त्यातले हातपंपापर्यंत पोचतात किती, हे प्रत्यक्ष गावांत फिरल्यावर कळतं.

आपल्याकडे हे काम नवीन नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं नलगोंडा पद्धत शोधली, त्या नावाच्या जिल्ह्यातला फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडमुळे होणारा दातांचा आणि हाडांचा विकार, डोळ्यांपुढे ठेवून. चुना आणि तुरटी पाण्यात घालायची, दहा मिनिटं संथ ढवळायचं, तासभर ठेवायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. जंतूंसाठी थोडी ब्लीचिंग पावडर. तळाच्या जरा वर तोटी असलेल्या बादलीत घरच्या घरीही हे होतं, आणि ही पद्धत पार टांझानियापर्यंत गेली. माझ्यासाठी हा बाबांच्या जार टेस्टचाच पुढचा भाग होता, म्हणून मी ती आवडीनं शिकले. पण गावात तिच्या अडचणीही दिसल्या. गढूळपणा काढायला लागते त्याहून कितीतरी जास्त तुरटी इथे लागते. पाण्यात फ्लोराइड आणि अल्कता किती आहे त्यावर मात्रा ठरते, आणि मात्रा चुकली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहून जातं. त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. शिवाय हे रोज करायचं, निंदणीला जायच्या आधी, पहाटे. पहिले काही आठवडे होतं, मग सुटतं. यात बायकांचा आळस शोधणाऱ्यांनी एक आठवडा त्यांचा दिवस जगून बघावा.

अल्युमिनाचं यंत्र हातपंपाला जोडलं तर रोजचं हे काम वाचतं, पण काही महिन्यांनी दाणे भरतात. मग ते कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणानं धुवायचे, नंतर सौम्य आम्लानं, आणि पुन्हा साध्या पाण्यानं. एका पोडावर बचत गटातल्या दोघी जणी हे शिकल्या. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, ड्रममध्ये आधी पाणी आणि मग सोडा. क्रम उलटा केला तर उसळून अंगावर येतो. धुवून निघालेलं पाणी त्यांनी एका प्लास्टिकच्या बादलीत धरलं आणि मला विचारलं, हे आता कुठं टाकायचं? माझ्या प्रबंधात या प्रश्नाला एक परिच्छेद होता. तिथे एक नाला होता, त्याच्या काठी शेळ्या चरत होत्या आणि खाली विहीर होती. बोअरमधून काढलेलं सगळं फ्लोराइड त्या बादलीत एकवटलं होतं. ते नाल्यात ओतलं तर आम्ही फक्त त्याची जागा बदलणार होतो. शेवटी वस्तीपासून दूर, उंचवट्यावर सिमेंटचा खड्डा केला, तळाला जाड ताडपत्री टाकली, उन्हात पाणी आटवायचं आणि साका पोत्यात भरून ठेवायचा असं ठरलं. पावसाळ्यासाठी वर पत्र्याचं झाकण. या खड्ड्यावर माझा जितका वेळ गेला तितका कॉलमवरही गेला नसेल, आणि तो योग्य जागी गेला असं मला वाटतं. शुद्धीकरणात काढलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती कुठे जाणार हे ठरल्याशिवाय यंत्र बसवू नये, हा नियम मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही लावते. आरओबद्दलही माझी हीच तक्रार आहे: फ्लोराइड निघतं, पण पाण्याचा मोठा भाग खारट होऊन वाया जातो आणि वीज नसली की यंत्र बंद. मार्च-एप्रिलमध्ये ज्या वस्तीला पाणीच पुरत नाही तिथे हा सौदा महागात पडतो.

या सगळ्यातून मी जिथे पोचले ते शुद्धीकरणाच्या संशोधकाला जरा विचित्र वाटेल. गावात गेल्यावर मी यंत्राचा विचार सगळ्यात शेवटी करते. आधी वस्तीतला प्रत्येक स्रोत तपासायचा: प्रत्येक बोअर, प्रत्येक विहीर, शेतातलीसुद्धा. वर उल्लेख केलेल्या पोडावरच्या जुन्या विहिरीत फ्लोराइड मर्यादेच्या आत होतं, पण हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीतला नमुना रात्रीत काळा पडला. म्हणजे पाण्यात शौचातले जंतू होते. इथे निवड सोपी आहे. जंतू क्लोरीननं मरतात, काही पैशांत. फ्लोराइड काढणं त्याच्या कितीतरी पट अवघड आहे. गावानं विहिरीचा गाळ काढला, कठडा बांधला, उतारावरचं सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि ब्लीचिंगची जबाबदारी एका घराकडे दिली. बोअरला लाल रंग दिला. ते पाणी धुण्याभांड्याला आणि गुरांना. पिण्याला आणि स्वयंपाकाला विहीर. डाळीचं काय? डाळ रात्री भिजत घालायची, यावर बायकांमध्येच एकमत झालं. आम्ही त्यात तोंड घातलं नाही. मे महिन्यात विहीर खरवडली जाते, तेवढ्यापुरतं अल्युमिनाचं यंत्र चालतं. माणशी आठ-दहा लिटर पिण्या-रांधण्याचं पाणी चांगलं मिळालं तरी निम्मी लढाई जिंकली असं समजावं. पावसाळ्याच्या तोंडाला रानात तरोटा उगवतो. त्याच्या भाजीत कॅल्शियम चांगलं असतं, आणि पोटातलं फ्लोराइड शरीरात कमी मुरायला ते मदत करतं. ती भाजी घरोघर होतेच. ती का खावी हे शाळेत सांगायला सुरुवात झाली.

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं ठरलं. धरणातलं किंवा नदीचं पाणी नळानं आलं तर फ्लोराइडचा प्रश्न मुळातूनच सुटतो, आणि अशा योजनांना माझा मनापासून पाठिंबा आहे. अडचण येते ती पंप जळतो तेव्हा, पाइप फुटतो तेव्हा, वीजबिल थकतं तेव्हा. लोक मुकाट्यानं पुन्हा लाल हातपंपाकडे जातात. म्हणून गावात पाणी तपासणारी माणसं हवीत. या मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. माझ्या मते सगळ्या योजनेतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. संचातलं झिर्कोनियम-अलिझरिनचं द्रावण पाण्यात टाकलं की फ्लोराइड नसलेलं पाणी गुलाबी होतं. फ्लोराइड जसं जास्त तसा रंग पिवळ्याकडे झुकतो. एका पोडावर दहावी झालेली एक मुलगी हे काम करते. नळ बंद पडला की ती सगळ्या पंपांचे नमुने घेते आणि शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवते, कुठलं प्यायचं आणि कुठलं नाही. तिला या कामाचं मानधन नियमित मिळायला हवं. शासनाकडे माझी एकच मागणी असेल तर ती ही.

आणि वाचकांना एक विनंती. हा प्रश्न फक्त पोडांचा नाही. तुमच्या घरी, शेतावर, सोसायटीत किंवा गावाकडे कुणीही बोअरचं पाणी पीत असेल तर ते एकदा फ्लोराइडसाठी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. कॅण्डलच्या फिल्टरनं किंवा अल्ट्राव्हायोलेटच्या यंत्रानंही ते जात नाही. एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, पंप चार-पाच मिनिटं चालू ठेवा, त्याच पाण्यानं बाटली दोनदा विसळून भरा, तारीख आणि जागा लिहा आणि पोचवा. घरात आठ वर्षांखालचं मूल असेल तर हे याच आठवड्यात करा.